गळालेली शेपूट

"ही शेपूट इथं कुणी टाकली?" बाईंनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

लहान मुलांसाठीच्या उभयचरांच्या पुस्तकातलं ते शेवटून दुसरं चित्र. काठावर बसलेलं बेडकाचं पिल्लू बाईंनीच काढलेलं. पण त्याच्या मागं, पाण्याच्या तळाशी, तुटक्या चपलेच्या पट्ट्यासारखी एक सुटी शेपूट पडली होती. ती बाईंची नव्हती.

"मीच काढवून घेतली दुसऱ्या चित्रकाराकडून," नवा संपादक खुर्ची डोलवत म्हणाला. "मजकुरात लिहिलंय ना मी, 'मग शेपूट गळून पडते.' मुलांना दिसायला नको का, ताई?"

"अहो, गळत नाही ती. अंगातच जिरते. त्या दिवसांत त्याचं तोंड बदलत असतं, खाता येत नाही. शेपटीवरच जगतं ते."

"स्वतःची शेपूट खातं? शी! पालक ओरडतील."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. विहिरीतल्या बेडकाला निदान विहीर तरी माहीत असते. या दीडशहाण्यानं उभ्या जन्मात वाकून डबकंसुद्धा पाहिलं नसेल. अकरा आठवडे बाईंच्या न्हाणीघरातल्या टबात बेडूकमासे पोहत होते आणि नवरा बिचारा कोपऱ्यात उभ्या उभ्या आंघोळ उरकत होता. आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे. शेपूट आखडू लागल्यावर बाई ती मोजायला रोज पट्टी लावायच्या, मगच पेन्सिल उचलायच्या. चौतीस वर्षं त्या अशीच चित्रं काढत आल्या होत्या. मुखपृष्ठावर नाव मात्र यंदा पहिल्यांदाच येणार होतं.

"ती शेपूट काढा."

"आतली पानं छापून झाली, ताई. फक्त मुखपृष्ठ राहिलंय. आणि एवढीशी शेपूट, बघतंय कोण?"

"मग मुखपृष्ठावरचं माझं नाव काढा."

बाई बोलून गेल्या. वाटलं, आता तरी हा ओशाळेल. संपादकानं मान तिरकी करून मुखपृष्ठ न्याहाळलं.

"चालेल की. वर जरा मोकळं दिसेल."

घरी नवऱ्यानं दारातच विचारलं, "दाखवलं का नाव?"

"नाही. आणि टब अजून चार दिवस लागेल मला."

टबातल्या दगडावर शेवटचं, मागं राहिलेलं पिल्लू उपाशीच बसलं होतं. शेपटीचं नुसतं बोंडूक उरलं होतं. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी पट्टी लावली. तीन मिलिमीटर. मग कोऱ्या कागदावर तारीख घालून त्यांनी चित्र सुरू केलं.