अस्तराचा नमुना

गर्भाशय काढलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, टाके सुकले, मी बरी आहे.

ही ओळ अजून घडलेली नाही. तुम्ही ती वाचलेली नाही, मी लिहिलेली नाही, आणि गर्भाशय आपल्या जागी आहे. माझं वय बत्तीस, त्याचंही तेवढंच.

मी कोटांना अस्तर लावते. आमच्या कारखान्यात बारा मशिनं. बाहेरचं कापड शिवायचा मान जुन्या लोकांना, आतलं काम माझ्याकडे. त्यामुळे डॉक्टर मॅडम पहिल्यांदा म्हणाल्या, "गर्भाशयाच्या अस्तरात कॅन्सर आहे," तेव्हा मी खरंच विचारलं, "मग उसवून दुसरं लावता येत नाही का?"

मॅडम हसल्या नाहीत. "तसंच काहीसं करून बघता येईल," म्हणाल्या. आजार सुरुवातीचा होता, अस्तरापुरता. एवढ्या कमी वयात, मूल हवं असेल तर, लगेच गर्भाशय काढत नाहीत. हार्मोनच्या गोळ्या देतात आणि दर तीन महिन्यांनी अस्तराचा तुकडा काढून तपासतात. "पण ही सवलत आहे, हक्क नाही. आजार खाली स्नायूत उतरतोय असं दिसलं की हा प्रयोग बंद."

नवऱ्याने मान डोलावली. तो गाडी शिकवतो. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्या दिवसापासून घरातही तो पाय जमिनीत दाबून बसायला लागला. मी गोळी घेतली की दाब. डाग पडलाय का बघायला बाथरूममध्ये गेले की दाब.

"अरे, फरशी खचेल."

"तू हळू चाल."

"मी बसलेय."

"मग हळू बस."

गोळ्यांनी भूक लागायची. मी अशी सुटले की शेजारणी कौतुकाने विचारायच्या, "काय गं, काही गोड बातमी?" मी म्हणायची, "तीन महिन्यांनी कळेल." खोटं नव्हतं.

पहिल्या तपासणीत आजार थोडा हटला होता. तेवढ्यावर मी सतरा नावं काढून ठेवली. मुलींची नऊ, मुलांची आठ.

सहा महिने झाले, दुसरा तुकडा गेला. रिपोर्ट आठ दिवसांनी येणार होता. कामावर मोबाइल चालत नाही, म्हणून कारखान्यात आजाराचं सांगून तिथलाच नंबर देऊन ठेवला. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. आणि मॅडमनी तर सांगून ठेवलेलं, पोटात गोळा वाटला तर लगेच कळवा.

सहाव्या दिवशी मी धाग्याची रिळं आणायला मागे गेले होते तेव्हा फोन आला. मास्तरांनी उचलला. मास्तर म्हणजे आमचे मालक. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, आणि फोन ते त्याच कानाला लावतात. पलीकडच्या सिस्टरने पुरुषाचा आवाज ऐकून गर्भाशय हा शब्द गिळला, 'डॉक्टर' आणि माझं नाव मशिनांनी गिळलं. मास्तरांपर्यंत पोचलं ते एवढंच: "मॅडमकडून बोलतेय. अस्तराचा नमुना चांगला आलेला नाही. लवकर येऊन भेटा."

त्याच आठवड्यात आम्ही एका हॉटेलला कोटाच्या अस्तराचा नमुना पाठवला होता. तिथल्या मॅनेजर बाईंनाही आम्ही मॅडमच म्हणतो.

"अस्तर नापास!" मास्तरांनी खडू आपटला. "मी मॅडमना भेटून येईन, तोवर तयार कोट उसवा सगळे. आणि जपून! बाहेरच्या कापडाला धक्का लागता कामा नये."

दोन दिवस मी अकरा कोट उसवले. काज-बटणवाल्या मावशींना म्हटलंसुद्धा, "माझ्या डॉक्टरीणबाईंना असं जमलं असतं तर गोळ्या कशाला गिळल्या असत्या?"

"गप गं बाई. अभद्र बोलू नकोस."

तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या मॅडम स्वतःच आल्या. उघडे पडलेले कोट बघून त्यांचा चेहरा पडला. "हे काय केलंत? अस्तर तर आम्हाला आवडलं होतं."

"अहो, तुमचाच फोन होता ना, नमुना चांगला नाही म्हणून."

"मी कशाला फोन करू?"

मास्तर गोंधळले. "मग कुणाचा होता?"

आणि मग त्यांनी हळूहळू माझ्याकडे बघितलं. मशिनं एकेक करत थांबली. माझं थांबेना. पाय उचलला जात नव्हता. सुई अस्तर, बाही, खिसा, समोर येईल ते शिवत गेली.

"पोरी," मास्तर म्हणाले, "मला वाटलं..."

"लवकर या म्हणाली?"

"हो."

"किती लवकर?"

"लवकर, एवढंच."

नवऱ्याला फोन करून बोलावलं आणि आम्ही तसेच दवाखान्यात धावलो. मॅडमनी त्याच दिवशी एमआरआय करून घेतला. आजार वाढला होता, स्नायूत शिरला होता.

"आमचे दोन दिवस फुकट गेले," मी म्हटलं. "कोट उसवण्यात."

"दोन दिवसांनी काही बिघडलं नाही. या गोळ्यांनी बऱ्याच जणींचा आजार जातो. तुमचा नाही गेला. आता थांबलो तर तुमच्या जिवावर बेतेल."

टेबलाखाली नवऱ्याचा पाय जमिनीत रुतला होता. काही थांबलं नाही.

"अजून तीनच महिने?" त्याने विचारलं. त्याचा आवाज शिकाऊ मुलासारखा झाला होता.

मॅडमनी संमतीपत्र पुढे सरकवलं.

ते चार पानांचं होतं. शेवटच्या पानावर तीन ओळींची मोकळी जागा: 'रुग्णाची काही विनंती असल्यास'. सिस्टर म्हणाली, "तिथे सगळे रेघ मारतात, ताई." मला रेघ मारवेना. म्हणून लिहिलं:

"महोदया, गर्भाशय काढण्यास अर्जदाराची संमती आहे. तथापि अर्जदाराने ते अद्याप एकदाही वापरलेले नाही. तरी आपल्याकडील तपासणी पूर्ण होताच सदर गर्भाशय नऊ महिन्यांच्या मुदतीवर अर्जदारास वापरण्यास मिळावे. काम झाल्यावर ते विनातक्रार जमा करण्यात येईल. कळावे, आपली विश्वासू."