पांढरा कोट

माझ्या सासऱ्यांनी इन्सुलिन बंद केलं ते एका पांढऱ्या कोटाच्या सांगण्यावरून. कोटाच्या आत कोण होतं, देव जाणे. मोबाईलवर आला, "इंजेक्शनं हा कंपन्यांचा डाव आहे, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. आजच बंद करा, नाहीतर किडनी जाईल," म्हणाला आणि गेला. इकडे बाबांच्या पायाचा अंगठा काळा पडायला लागला. समजावून समजावून मी थकले. पालथ्या घड्यावर पाणी. वर मलाच ऐकवायचे, "तू तुझं शिवणकाम बघ. ते डॉक्टर आहेत."

मग शिवणकामच केलं. हॉस्पिटलचे कोट मीच शिवते. त्यातला एक धाकट्या दिरांच्या अंगावर चढवला, तोंडाला मास्क लावला, डोळ्यांवर सासूबाईंचा चष्मा. भावोजींना कामाचा कंटाळा, पण नाटकाची हौस दांडगी. आवाज खाली आणून बोलले, "डावा कान झाकून पाणी प्या, साखर उतरते. नाहीतर डोळे जातील. मोठे डॉक्टर हे लपवतात. आजच सगळ्यांना पाठवा." व्हिडिओ अनोळखी नंबरावरून बाबांना धाडला.

संध्याकाळी बाबा कान झाकून पाणी पीत बसले होते. पोटचा पोरगा ओळखला नाही. हसू यायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली.

जेवताना भावोजी तोच कोट घालून समोर उभे राहिले आणि तेच सगळं पुन्हा म्हणाले. बाबांनी ग्लास खाली ठेवला.

"सुनेनं मला मूर्ख बनवलं," ते माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले.

"बनवलं," मी म्हणाले. "आणि कसं ते सांगतेही. कोट, भीती, घाई. तुमचा तो डॉक्टर हेच करतो, फक्त सांगायला येत नाही."

त्यांनी माझ्याशी अबोला धरला. पण दुसऱ्या दिवशी सुई स्वतःच टोचून घेतली. मोबाईल बघताना पुटपुटायचेही, "भीती… घाई…" मला वाटलं, जिंकले.

कसलं काय. अंगठा बरा होईना म्हणून हॉस्पिटलात नेलं. तरुण डॉक्टरांनी पाय मांडीवर घेऊन नीट बघितला. म्हणाले, "अंगठा आजच काढावा लागेल. उशीर झाला तर पाऊल जाईल."

"कोट, भीती, घाई," बाबा म्हणाले. "सगळं आहे. चला घरी."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. "बाबा, त्या मोबाईलवाल्यानं तुमचा पाय कधी बघितला? यांनी मांडीवर घेतलाय. यांचं नाव दारावर आहे. चुकले तर उद्या याच दारात येऊन जाब विचारता येईल. त्याला कुठे गाठणार?"

बाबांनी दारावरची पाटी वाचली. मग डॉक्टरांना म्हणाले, "आणखी कुणाला विचारलं तर चालेल?"

"जरूर विचारा. आमच्या मोठ्या डॉक्टरबाई शेजारच्याच खोलीत आहेत, आत्ता बोलावतो."

बाई आल्या, त्यांनीही पाय हाताळला, तेच सांगितलं. बाबांनी मान हलवली. "काढा."

पाऊल वाचलं. नातेवाईक माझ्या युक्तीचं कौतुक करतात, ते मला ऐकवत नाही. बाबा भिंत धरून चालायला शिकतायत. आणि तो पांढरा कोट अजून रोज सकाळी लोकांच्या मोबाईलवर येतो, कडक इस्त्रीचा, हसतमुख. त्याचे दोन्ही अंगठे शाबूत आहेत.