पाहुण्यांची झोपमोड

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. दगडी घराचे दोन भाग झालेले, डावा दिराचा आणि उजवा तिचा. दिराच्या भागाखाली मोठं तळघर होतं. हंगामात तिथे द्राक्षांचा रस पिंपांत भरून ठेवत आणि त्याची वाईन होईपर्यंत दीर तिथेच मुक्काम ठोके. वहिनीच्या भागाखाली तसंच, पण लहान तळघर. चार पायऱ्या उतरून जायचं. पूर्वी तिथे रिकाम्या बाटल्या आणि मोडक्या खुर्च्या असत. आता पलंग होता, न्हाणीघर होतं, कोपऱ्यात पितळी दिवा होता, आणि फोनवरच्या जाहिरातीत ‘तीनशे वर्षांच्या तळघरात मुक्काम’ असं लिहिलेलं होतं. तीनशे हा आकडा नवऱ्यानं अंदाजानं टाकलेला. अजून कुणी पुरावा मागितला नव्हता.

वहिनीचं घर त्या खोलीवर चालायचं. खोली बंद पडली असती, तर आपला भाग दिराला विकून बहिणीच्या दारात जाणं एवढाच रस्ता होता. दीर माणूस वाईट नव्हता. फक्त घ्यायला तयार होता, आणि तयार असल्याची आठवण महिन्यातून एकदा करून द्यायचा.

*

अभिप्राय. नऊ दिवसांपूर्वीचा.

‘खोली सुंदर. मालकीणबाई प्रेमळ. पण जमिनीलगत भिंतीला एक भोक आहे, त्यातून वारा येतो आणि पाय गारठतात. आंबूस वासही येतो. पाचपैकी तीन तारे.’

डोळ्यांपुढे तारे चमकतात म्हणजे काय, ते वहिनीला त्या दिवशी कळलं. तिनं जुन्या गादीतला स्पंज कापला, झरोक्यात ठासून भरला, वरून फळी ठोकली आणि फळीला पांढरा रंग दिला. पुढ्यात वेताची टोपली ठेवली. हे काम तिनं एकटीनं, एका दुपारात, कुणालाही न सांगता केलं. कुणाला सांगायचं? दिराला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, वहिनी, हे सगळं झेपत नाही तर सांगा.

*

ॲपवाल्यांचं पत्र. गेल्या महिन्यातलं.

‘पाहुणे खोलीत असताना त्यांच्या परवानगीशिवाय आपण आत गेल्याची तक्रार आली आहे. अशी आणखी एक तक्रार आल्यास आपली जागा यादीतून कायमची काढण्यात येईल.’

गेली होती खरी. वादळ सुटलं होतं, खिडकी आपटत होती, काच फुटेल म्हणून धावत गेली, तर पाहुणी टॉवेलात. टॉवेल मोठा होता हे सांगायला पत्राच्या उत्तरात जागाच नव्हती.

*

पाहुण्यांचा निरोप. आजचा, दुपारी बाराचा.

‘पोहोचलो. रात्रभर गाडी चालवून आलोय. यांची पाठ धरलीय, पलंगावर झोपवत नाही. गादी खाली घालून मिळेल का? संध्याकाळपर्यंत झोपणार आहोत, प्लीज उठवू नका. फोन बंद ठेवतोय.’

वहिनीचं उत्तर: ‘हो हो. पाठीला जमिनीसारखं दुसरं औषध नाही. निवांत झोपा.’

गादी तिनंच घातली. दिराच्या बाजूच्या भिंतीला लागून, कारण तिथली फरशी गार. पाहुण्या बाईचा नवरा भिंत धरून, वाकलेल्या खिळ्यासारखा उभा होता. बायको म्हणाली, “ताई, यांचं घोरणं वर ऐकू आलं तर आधीच माफी मागते.”

“घोरू देत हो,” वहिनी म्हणाली. “इथल्या भिंतींनी पुष्कळ ऐकलंय.”

आणि मग जाऊन दिराला सांगून आली की भाऊजी, तेवढं तुमचं गल्लीकडचं दार आज दुपारपुरतं लावून घ्या, पंपाचा आवाज येतो, वासही येतो.

*

दोन वाजून दहा मिनिटं.

वहिनी दारासमोर दोरीवर अभ्रे वाळत घालत होती. भाऊजी हात पुसत गल्लीत आले.

“लावलं दार. तुमच्या पाहुण्यांच्या झोपेपायी माझी पिंपं कोंडून घातलीत.”

“एका दुपारचा तर प्रश्न आहे.”

“एक दुपार. उद्या म्हणाल, पिंपांना हळू उकळायला सांगा.” ते पायरीवर बसले. “खरं तर लावणार नव्हतो. यंदा जागा पुरेना, चार पिंपं तुमच्या भिंतीलगत सरकवलीत, आणि रस नुसता खदखदतोय. पण म्हटलं, तुमच्या बाजूचा झरोका आहेच की.”

“माझ्या झरोक्याचा काय संबंध?”

“वा. मधलं जुनं दार बुजवलंय ना आपण, त्याच्या फटीतून सगळं तुमच्याकडे येतं आणि झरोक्यातून मागच्या, उताराच्या गल्लीत उतरून जातं. दादा सांगायचा ना.”

“काय सगळं?”

“वायू हो. रस आंबताना सुटतो तो. पाण्यासारखा असतो, जमिनीवरून वाहतो.” त्यांनी तळहात जमिनीलगत फिरवून दाखवला. “बरं, चहा आहे का?”

“नाही,” वहिनी म्हणाली. “दूध नासलं.”

दूध नासलं नव्हतं. भाऊजी उठून आपल्या बाजूला गेले.

*

आता ही गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्या गावात हंगामात तळघरात उतरणारा माणूस हातात पेटती मेणबत्ती धरून उतरतो. एकेक पायरी उतरताना ज्योत खाली नेऊन बघायची. विझली म्हणजे खाली श्वासापुरती हवा नाही, मागे फिरायचं, वाकायचं नाही, हाक मारायची. वहिनीला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? सव्वीस वर्षं नवऱ्याच्या हातात मेणबत्ती तिनंच दिली होती. पण मेणबत्ती डाव्या बाजूची. उजव्या बाजूला पाहुणे, पांढऱ्या चादरी आणि सुगंधी साबण. ज्या दिवशी तळघरात पलंग लागला त्या दिवसापासून तिच्या लेखी ते तळघर उरलंच नव्हतं, ती खोली झाली होती.

*

दोन चौदा. निरोप, न पाठवलेला:

‘नमस्कार. सगळं ठीक ना?’ (पुसला.)

‘नमस्कार, खिडकी थोडी उघडी ठेवावी.’ (पुसला. त्या खोलीची खिडकी उघडतच नाही, काच बसवलेली आहे. तीसुद्धा त्या वादळानंतर तिनंच बसवून घेतली होती.)

‘तातडीचं आहे. कृपया बाहेर या.’

हा पाठवला. खाली एकच टिक आली. फोन बंद. त्यांनी सांगितलंच होतं.

दोन सोळा. दारावर टकटक, बोटाच्या पेरानं.

दोन सतरा. टकटक, मुठीनं. दारावर त्यांनीच अडकवलेली पाटी हलत होती: ‘झोपमोड करू नये.’ ही पाटी वहिनीनं स्वतःच्या हातानं रंगवली होती आणि कडेला द्राक्षांचा घडही काढला होता.

दोन अठरा. ती वळसा घालून मागच्या, उताराच्या गल्लीत गेली. झरोक्याला बाहेरून लोखंडी गज होते. छत्रीचं टोक गजांतून घालून तिनं स्पंज ढकलून पाहिला. हलेना. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. इतका ठासून कुणी भरला असेल, असा विचार मनात आला आणि तिला रडूच फुटायला आलं.

किल्ली कमरेला होती. तिच्या कमरेला किल्ली नेहमीच असायची, पण आज ती मांडीवर आपटत होती आणि प्रत्येक वेळी नवीन वाटत होती.

आत जावं, तर बाई किंचाळत उठणार. तक्रार. यादीतून नाव गेलं. घर गेलं. आणि आत काहीच नसलं तर? दोघं गाढ झोपलेले, नवरा घोरतोय, आणि ही भरदिवसा मेणबत्ती घेऊन उशाशी. वेडी म्हणतील. वेडी असल्याचं लिहितीलही, पाचपैकी एक तारा.

घोरतोय.

वहिनी दाराला कान लावून उभी राहिली.

घोरत नव्हता.

*

दोन एकवीस.

पायरी पहिली. ज्योत उभी.

पायरी दुसरी. ज्योत उभी.

पलंगावरून बायको अर्धवट उठली. केस चेहऱ्यावर, आवाज जड.

“कोण? ताई? तुम्ही आत कशा?”

“उठा. आधी उठून उभ्या राहा.”

“आम्ही लिहिलं होतं ना उठवू नका म्हणून.” तिनं कपाळ दाबलं. “डोकं फुटतंय माझं. आणि मेणबत्ती कशाला? दिवे गेलेत का?”

पायरी तिसरी. वहिनीनं हात खाली नेला, गुडघ्याच्या खाली, जिथून गादीची कड दिसत होती. ज्योत लांब झाली, पिवळी झाली, वातीपासून सुटली आणि गेली. धूर वर आलाच नाही. कुठल्याशा न दिसणाऱ्या पाण्यावर तरंगल्यासारखा आडवा पसरला.

“भाऊजी,” वहिनीनं हाक मारली. आवाज आपला वाटला नाही. “भाऊजी, दार उघडा तुमचं. दोन्ही दारं उघडा.” मग बायकोकडे वळून ती म्हणाली, “ऐका. वाकायचं नाही. उभ्यानं छाती भरून श्वास घ्या, दाबून धरा, मगच खाली वाकून गादीचं टोक पकडा आणि ओढा. त्यांना उठवत बसू नका. ते उठणार नाहीत.”

“उठणार नाहीत म्हणजे काय?”

“ओढा.”

मोठा माणूस होता. गादी फरशीवरून सरकली, पहिल्या पायरीला अडली. दोघी वर येऊन श्वास घेऊन परत खाली गेल्या. दुसऱ्या खेपेला भाऊजी आले. त्यांनी त्याला काखेत हात घालून उचललं, जसं पिंप उचलतात तसं, पोटावर तोलून. डोकं पायरीवर आपटलं. गल्लीतल्या उन्हात त्याला कुशीवर ठेवलं. ओठ निळसर. बायको त्याच्या गालावर मारत होती.

वहिनी मोजत होती. का मोजत होती कोण जाणे. एकतीसला त्याला ओकारी झाली.

मग तो बराच वेळ खोकला. डोळे उघडले, आभाळाकडे पाहिलं.

“पाठ,” तो म्हणाला. “माझी पाठ कुणी ओढली?”

बायको हसली आणि हसता हसता तिला हुंदका फुटला, आणि मग तो थांबेना.

*

डॉक्टरीणबाई आल्या. नाडी, डोळे, नळी, प्राणवायू. रुग्णवाहिका वाटेत होती. धोका टळलाय, पण रात्रभर दवाखान्यात ठेवू, असं म्हणाल्या. अजून दहा मिनिटं गेली असती तर, असंही म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

बायको पायरीवर वहिनीच्या शेजारी बसली होती. तिनं वहिनीचा हात धरला.

“तुम्ही आलात म्हणून,” ती म्हणाली. “मी तुमच्यावर ओरडणार होते. कळलं कसं तुम्हाला?”

भाऊजींनी घसा खाकरला. “जुनी घरं आहेत,” ते म्हणाले. “हंगामात असं होतं कधीकधी. वायूचं काही सांगता येत नाही.” आणि वहिनीकडे न बघता पुढे म्हणाले, “कुणाची चूक म्हणता येणार नाही.”

भाऊजी आत जाऊन आले होते. टोपली बाजूला सरकवून त्यांनी पांढरी फळी पाहिली होती. त्यांच्या बोटाला रंग लागलेला वहिनीला दिसत होता. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्यासाठी पहिल्यांदाच काही लपवलं होतं. घर घ्यायचं ठरवलं असतं तर ते हातात ठेवल्यासारखं होतं. बाई पाच तारे देणार होती. जीव वाचवणारी मालकीण. वहिनी गप्प बसली असती तर खोली भरत राहिली असती.

“खोलीला झरोका होता,” वहिनी म्हणाली. “मी बुजवला. वारा येतो म्हणून तक्रार आली होती. आणि यांना दार लावायला मीच सांगितलं.”

हातातला हात लगेच सुटला नाही. आधी सैल झाला. मग बाईनं तो आपल्या मांडीवर ठेवला, आणि दुसरा त्यावर.

“कधी बुजवला?”

“नऊ दिवस झाले.”

“मला हे लिहावं लागेल, ताई.”

“लिहा.”

“सगळं लिहीन. तुम्ही आलात तेही लिहीन.” तिनं नवऱ्याच्या तोंडावरची नळी सारखी केली. मग वळली. “नऊ दिवसांत आमच्या आधी कोण राहिलं इथे?”



हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

*

दोन म्हाताऱ्या बहिणी. चार रात्री. काल सकाळी गेल्या. वहिनीनं फोन काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

अभिप्राय. काल रात्रीचा. पाच तारे. काल तिनं तो तीनदा वाचला होता आणि फोनवर आपल्या बहिणीला वाचून दाखवला होता.

‘इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. धाकटीला तर सकाळी हलवून उठवावं लागे. डोकं जरा जड व्हायचं, पण ते तुमच्या गावच्या वाईनचं असणार. पुढच्या वर्षी नक्की येऊ.’

काल किती हसली होती ती यावर.

भाऊजी तिच्या खांद्यावरून वाचत होते. “तेव्हा माझं दार उघडं होतं,” ते हळूच म्हणाले. “थोडंसंच येत असेल.”

“थोडंसं म्हणजे किती?”

भाऊजी बोटाला लागलेला पांढरा रंग पुसत राहिले.

तिनं नंबर लावला. घंटी वाजू लागली. एकदा. दोनदा. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी वळली, आत शिरायला जागा नाही म्हणून मागे गेली, पुन्हा वळली. पाच. सहा. आठव्या घंटीला कुणीतरी उचललं.

“हॅलो?” म्हातारा आवाज, थोरलीचा की धाकटीचा ते कळेना.

“मी बोलतेय. तळघराच्या खोलीची. तुम्ही दोघी बऱ्या आहात ना?”

“अगंबाई, बऱ्या आहोत की. काही राहिलं का आमचं तिकडे?”

“धाकट्या ताई कुठेत?”

“ही काय, समोर बसलीय, शेंगा सोलतेय. का हो? तुमचा आवाज असा का येतोय?”

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. श्वास घेतला. मग दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा सावकाश, तिनं सांगायला सुरुवात केली.