जिन्यातली सोबत

मैमुना पुण्याला गेली ती रत्नाची सोबत म्हणून. स्वतःसाठी काही मागायला आपण गेलोच नव्हतो, हे तिनं पुढं कितीतरी वेळा स्वतःला सांगून पाहिलं.

साल चौऱ्याऐंशी. पुण्यातली एक रेकॉर्डिंग कंपनी जपानी कार्टूनची तेरा भागांची मालिका मराठीत करायला घेणार होती. शाळाशाळांतून पडदा लावून ती मुलांना दाखवायची होती. चित्रांतल्या माणसांना मराठी आवाज द्यायला नवी मुलं-मुली हवी आहेत, अशी चार ओळींची जाहिरात रत्नानं पेपरात वाचली आणि त्या दिवसापासून तिचं घरात लक्ष लागेना.

रत्ना माले गावच्या हैबतरावांची मुलगी, वय वीस. एकदा ऐकलेला आवाज तिला जसाच्या तसा काढता यायचा. यष्टीचा कंडक्टर, तहसील कचेरीतला शिपाई, दमा असलेले हेडमास्तर, सगळे तिच्या गळ्यात बसलेले होते. मैमुना तिच्याबरोबर पौडच्या शाळेत एका बाकावर शिकलेली. तिचे वडील ताजुद्दीनभाई यांचं पौडच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. मैमुनाचं वय वाढलं, आवाज मात्र सात वर्षांच्या मुलाचाच राहिला. ती एकवीस वर्षांची झाली तरी पडद्याआडून बोलली की गिऱ्हाईक म्हणायचं, "बाळा, मोटं मानूस कोन हाय का घरात?" बघायला आलेल्या दोन स्थळांच्या बायकांनी तोंडाला पदर लावून हसू दाबलं होतं. त्यामुळं ती चारचौघांत बोलायचं टाळायची.

कंपनी कर्वे रस्त्याजवळच्या एका गल्लीत, लाकडी जिन्यानं वर गेलं की पहिल्या मजल्यावर होती. काम बघणाऱ्या बाई पूर्वी नाटकांत काम केलेल्या, पांढऱ्या केसांच्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. रत्नानं कागदावरचे संवाद वाचून दाखवले. म्हातारीचे वाचले, दुकानदारणीचे वाचले, भांडखोर शेजारणीचे वाचले. बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"गळा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या बोलण्यात 'ण' नाही, 'आहे' नाही. हे मुलांना ऐकवायचं आहे."

"मी शिकन की. आठ दिवसांत शिकन."

"मोठ्या बायकांचे आवाज माझ्याकडे भरपूर आहेत गं. तेवढं थांबायला वेळ नाही."

रत्नानं कागद टेबलावर ठेवला. बाकावर बसलेल्या मैमुनाला तहान लागली होती. चहा करणाऱ्या गोजराबाईंना तिनं हळूच विचारलं, "मावशी, वाईच पानी मिळंल का?"

बाईंनी वळून पाहिलं. खोलीत लहान मूल कुठं दिसेना. मग त्यांची नजर मैमुनावर थांबली.

मालिकेत मुख्य पात्र होतं बर्फाळ गावातला एक मुलगा. मराठीत त्याचं नाव बाळू ठेवलं होतं. त्याचा आंधळा होत चाललेला घोडा आणि तो, अशी ती गोष्ट. बाईंनी महिनाभर शाळाशाळांतून मुलं आणून पाहिली होती, पण सहा-सात तास उभं राहून एकच वाक्य वीस वेळा म्हणणं त्यांना झेपत नव्हतं. मैमुनाला आतल्या खोलीत उभं केलं. तिच्याही तोंडी 'ण'चा 'न'च होता. बाई म्हणाल्या, "हिला आपण शिकवून घेऊ."

परतीच्या यष्टीत रत्ना खिडकीबाहेर बघत राहिली. भूगाव गेलं, पिरंगुट गेलं. मैमुना म्हणाली, "मी न्हाई जानार. तुजं काम होतं ते."

"येडी हाईस का?" रत्ना तिच्याकडं न बघता म्हणाली. "तू जायचं. तुजे अब्बा एकटीला सोडनार न्हाईत. मी येती की सोबतीला. दोगींना काम मिळालं म्हनून सांगू."

"आनि तू दिवसभर काय करशील?"

"बघू."

दोन्ही घरी तसंच सांगितलं. पैसे सगळं काम संपल्यावर मिळणार होते, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही. आठवड्यातले तीन दिवस रत्ना मालेहून यष्टीत बसायची आणि पौडला मैमुनासाठी शेजारची जागा धरून ठेवायची. पुण्याला पोचल्यावर मैमुना आत जायची आणि रत्ना जिन्यात बसायची. वरून चौथ्या पायरीवर, गोजराबाईंच्या स्टोव्हजवळ.

काम अवघड होतं. समोरच्या पडद्यावर चित्राचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरायचा. कानाला लावलेल्या यंत्रात जपानी मुलाचा आवाज यायचा, आणि बाळूचं तोंड उघडेल तेव्हाच मराठी शब्द सुरू होऊन ते मिटेल तेव्हाच संपायला हवा. 'नाही' म्हणायचं तर पडद्यावरचं तोंड पाच वेळा हलायचं, मग 'मी नाही येणार' असं करावं लागे. मैमुना घाबरून गेली की श्वास चुकायचा. दरवाज्याच्या फटीतून जिन्यात सगळं ऐकू येई. संध्याकाळी यष्टीत रत्ना तिला सांगायची, कुठं श्वास घ्यायचा, कुठं शब्द ओढायचा. दुसऱ्या दिवसाचे कागद ती मांडीवर घेऊन मोठ्या अक्षरांत लिहून काढी आणि श्वासाच्या जागी टिंब देई.

"पाणी म्हण," रत्ना म्हणायची.

"पानी."

"जीभ वर लाव. टाळ्याला. पाणी."

जिन्यात बसून महिन्याभरात रत्नाचं बोलणं बाईंच्या बोलण्यासारखं झालं होतं. मैमुना तिच्या मागून म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी बाई म्हणायच्या, "मुलगी हुशार आहे. लवकर उचलते." मैमुना खाली बघायची.

नवव्या भागात बाळूचा घोडा मरतो. त्याच्या मानेला मिठी मारून बाळू रडतो, जवळजवळ मिनिटभर. सकाळपासून दुपार झाली, मैमुनाला रडता येईना. आवाज नुसता चिरकायचा. बाई चिडल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून ठेवला. तेवढ्यात रत्ना दारात येऊन उभी राहिली.

"बाई, मी हिला करून दाखवू का?"

बाईंनी मान हलवली. रत्ना आत जाऊन मैमुनाच्या शेजारी उभी राहिली. पडद्यावर घोडा पडला. रत्ना पहिल्यांदा रडलीच नाही. तिनं घोड्याला हाक मारली, दोनदा, जसा एखादा मुलगा झोपलेल्याला उठवतो तशी. मग तिचा श्वास अडकला, आणि अडकलेल्या श्वासातून बारीक रडणं सुरू झालं, अगदी मैमुनाच्या आवाजातलं. काचेपलीकडच्या माणसानं रेकॉर्डिंगचं यंत्र चालूच ठेवलं होतं. बाळूचं तोंड मिटलं तेव्हा तीही थांबली.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग बाई म्हणाल्या, "हेच ठेवा."

रत्नानं पदरानं तोंड पुसलं. "बाई, मग माझं नाव येईल का? शेवटी नावं देतात त्यात."

बाई थोड्या अवघडल्या. "एका पात्राला एकच नाव असतं गं. आणि बाळू मैमुनाचा आहे. नाही का मैमुना?"

मैमुनाला उत्तर द्यायचं होतं. निदान चार शब्द. हिनंच मला सगळं शिकवलं, एवढं म्हणायचं होतं. पण बाईंचं मन बदललं तर, आपल्याला काढलं तर, असं तिच्या मनात आलं आणि तिनं कानाचं यंत्र सरळ करायला हात वर नेला. रत्ना थोडा वेळ उभी राहिली आणि बाहेर जिन्यात गेली.

त्या दिवशी यष्टीत रत्नानं नेहमीसारखे कागद लिहून काढले. त्या गोष्टीचं नावही काढलं नाही. मैमुनानंही काढलं नाही.

पुढच्याच आठवड्यात हैबतराव पाण्याच्या इंजिनाचा पट्टा आणायला पुण्याला आले. लेकीचं काम बघून जावं म्हणून पत्ता विचारत कंपनीत पोचले. त्यांनी जिना चढायला सुरुवात केली तेव्हा रत्ना वरच्या पायरीवर गोजराबाईंचे कप विसळत होती.

"हितं काय करतीस?" त्यांनी विचारलं.

रत्ना उठून उभी राहिली. तिला खोटं सुचलं नाही. गोजराबाईंनी सांभाळून घ्यायला म्हटलं, "पोर लई गुणाची हाय तुमची. मैतरणीसाठी रोज हितं बसून असती."

हैबतराव ओरडले नाहीत. त्यांनी डोक्याचं पागोटं नीट केलं, आणि म्हणाले, "तीन म्हैनं जिन्यात बसलीस व्हय? आन मी गावात सांगत फिरलो, लेक माजी रेडिओवानी काम करती म्हनून." मग तिला पुढं घालून ते खाली उतरले. मैमुना आत रेकॉर्डिंग करत होती. तिला हे संध्याकाळी गोजराबाईंकडून कळलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी यष्टीत बसून घरी आली.

हैबतराव दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन ताजुद्दीनभाईंना सगळं सांगून गेले. ताजुद्दीनभाईंनी चार दिवस मैमुनाला पाठवलं नाही. मग कंपनीचं पत्र आलं, आणि मैमुनाच्या आईनं, जोहराबींनी, त्यांची समजूत घातली. उरलेल्या भागांसाठी ताजुद्दीनभाई स्वतः दुकान बंद ठेवून तिला घेऊन जायला लागले. ते जिन्यात बसत नसत. समोरच्या झाडाखाली रुमाल अंथरून बसत.

वैशाखात रत्नाचं लग्न झालं. ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीत दिली. मैमुना आईबरोबर लग्नाला गेली, पण नवरीभोवती बायका इतक्या होत्या की बोलणं झालं नाही.

मालिका पुरी झाली. शेवटच्या पाटीवर 'बाळू' आणि त्यापुढं मैमुनाचं नाव आलं. दसऱ्यानंतर बाईंनी तिला पुढच्या कामाला बोलावलं. या वेळी एक अनाथ मुलगी होती. मैमुना उभी राहिली, चित्र सुरू झालं, आणि तिला समजेना की श्वास कुठं घ्यायचा. कागदावर टिंबं नव्हती. शब्द शुद्ध यायचे, पण कुणीतरी धडा वाचल्यासारखे. तीन दिवस असे गेल्यावर बाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पहिल्यासारखं होत नाही गं. काय झालं?"

तेव्हा मैमुनानं सांगितलं. यष्टीतलं, कागदांचं, टिंबांचं, सगळं. बोलताना ती रडली.

बाईंनी हातातले कागद मिटून ठेवले. मग म्हणाल्या, "हे तेव्हा का नाही बोललीस?" आणि थोड्या वेळानं, "तिला घेऊन ये. दोघींना काम देते. नावासकट."

दुसऱ्या दिवशी ताजुद्दीनभाई लेकीला घेऊन वाडीच्या फाट्यावर उतरले. ते फाट्यावरच थांबले. मैमुना एकटी आत गेली. रत्ना गोठ्यात शेण भरत होती. तिला दिवस गेलेले होते, पाचवा महिना चालू असावा. तिनं हात धुतले, मैमुनाला ओसरीत घोंगडीवर बसवलं, गूळ-पाणी दिलं. सासू साळूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यामुळं मैमुना हळू आवाजात बोलली. बाईंनी काय म्हटलं ते तिनं शब्दाशब्दानं सांगितलं.

रत्ना ऐकत होती. मग थोडी हसली. "तू आता पुण्यावानी बोलतीस."

"तूच शिकवलंस."

"व्हय."

"येशील?"

"कशी येऊ? हितनं दिवसाला दोन गाड्या. हे असं पोट. आन यांना इचारलं तर काय म्हनतील ते मला म्हाईत हाय." तिनं सासूकडं पाहिलं. "आता न्हाई जमायचं, मैमुने."

मैमुना म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले नाही. बाईंनी विचारलं तेव्हा."

"वाट बघितली मी," रत्ना म्हणाली. "बाहीर जाऊन बसले, तवाबी वाट बघितली. म्हनलं, आता दार उघडंल, आता हाक येईल. मग गोजरामावशीनं चा दिला."

"राग आला असेल."

"राग न्हाई." रत्नानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू बोलली असतीस तर तुला काढलं असतं का, एवढाच इचार येतो कवाकवा. न्हाई काढलं असतं. व्हय ना?"

"नाही काढलं असतं," मैमुना म्हणाली.

साळूबाईंनी उंबऱ्यातून हाक दिली. म्हशी सोडायची वेळ झाली होती. रत्ना तिला सोडायला कुंपणापर्यंत आली, दोन्ही हातांनी तिचा हात धरून उभी राहिली आणि गोठ्याकडं परत गेली.

यष्टीत ताजुद्दीनभाईंनी विचारलं, "काय म्हनली?"

"न्हाई म्हनली," मैमुना म्हणाली.

बाईंनी त्या कामासाठी पुण्यातली दुसरी मुलगी घेतली. मैमुनाला त्यांनी पाठीमागच्या मुलांच्या हसण्या-ओरडण्याला ठेवलं, नंतर तेही बंद झालं. पुढच्या वर्षी तिचं घोटवड्याला नसीरशी लग्न झालं. त्यानंतर रत्ना तिला दोनदा भेटली, दोन्ही वेळा पौडच्या बाजाराच्या दिवशी, गर्दीत. दोघी पोराबाळांचं बोलल्या, महागाईचं बोलल्या, आणि रत्नाची गाडी लागली तशी ती पिशव्या उचलून निघाली.