पोपट न आलेला पिंजरा

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो, आणि माझ्यात आजवर एकही पोपट राहिलेला नाही. लाडवांसाठी म्हणून घेतलेल्या डब्यात जन्मभर खिळे राहावेत, तसं माझं झालं. डब्यात निदान खिळे तरी असतात.

माझा जन्म साताऱ्यात झाला. मला घडवणारा कारागीर उंदरांचे सापळे करायचा. पिंजरा त्यानं पहिल्यांदाच केला. त्यामुळे माझं दार अजूनही जुना राग असल्यासारखं खाडकन मिटतं. सन चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात फौजेतून निवृत्त झालेल्या आकारामनं मला विकत घेतलं आणि मांडीवर ठेवून एसटीनं पलूसजवळच्या आपल्या गावी आणलं.

"पाव्हणं, पक्षी कुठाय?" कंडक्टरनं विचारलं.

"येणार हाय."

"मग आल्यावर तिकीट काढा त्येचं," असं म्हणून कंडक्टर पुढे गेला. माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा प्रवास तो. कारण तेव्हा मलाही वाटत होतं, येणार आहे.

आता पोपट कशाला हवा होता, ते सांगतो. आकारामची मुलगी सृष्टी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. आमच्याकडे अशा मुलाला पोपटाचं उष्टं फळ खायला देतात. आकारामची आई धोंडुबाई हिनं रानातले पोपटांनी टोकरलेले पेरू नातीला पोटभर चारले होते. सृष्टीनं ते आवडीनं खाल्ले आणि गप्प राहिली.

"रानातल्या पोपटाला तरी कुठं बोलाय येतंय?" धोंडुबाईनं त्यातून निष्कर्ष काढला. "बोलणाऱ्या पोपटाचं उष्टं पायजे."

सांगलीच्या डॉक्टरांनी मात्र आधी कान तपासून घ्या, उशीर करू नका, असं बजावलं होतं. सृष्टीची आई शालन रोज त्याची आठवण करून द्यायची. कानाच्या यंत्रासाठी उसाच्या बिलातले पैसेही बाजूला काढून ठेवले होते. पण डॉक्टर तपासा म्हणत होते आणि पोपट खात्रीचा होता. भज्यांच्या कागदावर त्याची जाहिरातच आली होती : बोलका पोपट, शुद्ध मराठी, घरपोच, विक्रेते निवृत्त सुभेदार.

'सुभेदार' हा शब्द वाचला आणि आकारामचा विचार करणं थांबलं. "फौजी मानूस खोटं बोलत न्हाई," तो म्हणाला. फौजी माणसाच्या नावानं दुसरा कुणी खोटं बोलू शकतो, हे त्याला कवायतीत कुणी शिकवलं नव्हतं.

माझं माप कळवायचं होतं म्हणून तो मला सिद्धूच्या एसटीडी बूथवर घेऊन गेला. पलीकडून भारदस्त आवाजात "सुभेदारसाब बोल रहा हूँ" असं आलं आणि आकारामनं काचेच्या त्या खोक्यात उभ्याउभ्या फोनला सलाम ठोकला. त्याचं कोपर माझ्या तारांवर आपटलं. तो पोचा अजून आहे.

मग पोपट स्वतः फोनवर आला.

"नमस्कार आकाराम! सृष्टी बाळ कशी आहे? आगाऊ रक्कम मनीऑर्डरनं पाठवावी!"

आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर टेकून उभ्या असलेल्या सिद्धूलाही सगळं ऐकू आलं होतं. तो म्हणाला, "आकाराम, पोपट लयच हिशोबी हाय रं."

"शिकवलेला हाय."

"माझा थोरला भाऊ बँकेत हाय. त्यो बी एवढं नीट सांगत न्हाई."

मनीऑर्डर गेली. पोपट आला नाही, फोन आला. सिद्धूचा पोरगा सांगत यायचा आणि आकाराम मला घेऊन पळायचा. न जाणो, पोपट बूथवरच आला असला तर! एकदा पोपट आजारी होता, त्याच्या औषधाला पैसे गेले. एकदा त्याला जंगल खात्यानं नाक्यावर अडवलं, ते सोडवायला पैसे गेले. शेवटी तर पोपटच रडत म्हणाला, "आकाराम, इथं थंडी फार आहे." त्याच्या पांघरुणालाही पैसे गेले. कानाच्या यंत्राचे पैसे असे एका न पाहिलेल्या पाखरावर संपले. घरी मी पुढच्या सोप्यात टांगलेला असायचो. धोंडुबाई माझ्यात रोज ताजी मिरची ठेवायची आणि संध्याकाळी काढून पिठल्यात घालायची.

सृष्टी दिवसभर माझ्याखाली बसायची. घरात न बोलणारे आम्ही दोघंच. ती वर बघायची, मी खाली बघायचो. आमचं बरं चाललं होतं.

आणि मग एका दुपारी माझा खिळा निसटला.

मी फरशीवर असा पडलो की धोंडुबाईच्या हातातलं सूप उडालं, म्हशीनं दावं तोडलं आणि शेजारची हरणाबाई भिंतीपलीकडून ओरडली, "आगं कोन मेलं?" सृष्टी माझ्याकडे पाठ करून कोळशानं रेघोट्या मारत होती. तिची रेघ हललीसुद्धा नाही.

शालननं ते पाहिलं. तिनं मला उचललं आणि मुद्दाम, सृष्टीच्या पाठीमागे, पुन्हा आपटलं. मग पुन्हा. मित्रांनो, मला लागत होतं, पण मी जमेल तेवढ्या मोठ्यानं वाजलो.

"आवं," ती आकारामला म्हणाली, "तिला ऐकूच येत न्हाई. जे ऐकू येत न्हाई ते ती बोलंल कशी?"

"एकेकाचं ध्यान नसतं," धोंडुबाई म्हणाली.

"आत्या, म्हसरानं दावं तोडलं!" शालन सासूला म्हणाली.

 आकाराम म्हणाला, "पैसं तिकडं गेल्यात, शाले. आता पोपट आला तरच कायतरी हाती लागंल. पोपट येऊ दे, मग कान बघू."

 शालननं खिळा परत ठोकला. हातोडी खिळ्यापेक्षा भिंतीलाच जास्त लागली.

अखेर दिवाळीनंतर पोपट एसटीच्या टपावरून, भोकं पाडलेल्या खोक्यातून आला. तो हिरवा होता. त्याच्या सरळ चोचीला लाल नेलपॉलिश होतं. मला तो पाहताक्षणीच कबुतर वाटला, पण मी पडलो पिंजरा. माझं काम दार मिटायचं.

"चोच सरळ हाय जरा," आकाराम म्हणाला.

"ल्हान हाय अजून. वाकंल," धोंडुबाई म्हणाली.

पाखरू घुमलं.

"काय म्हनला?"

"हिंदी असंल."

"आई, मी फौजेत सगळी हिंदी ऐकलीया," आकाराम हळू आवाजात म्हणाला. "ही त्यातली न्हाई."

तरी उष्टं सुरू झालं. पेरूला त्यानं तोंड लावलं नाही. मग त्यानं चिवडलेली ज्वारी सृष्टीला चारली. चौथ्या दिवशी तिचे ओठ हिरवे झाले आणि पोट बिघडलं. शालननं तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं, औषध पाजून आणलं आणि परत आल्या आल्या पाखराला बादलीत धुतलं. पाणी हिरवं झालं. हातात पांढरं कबुतर राहिलं.

तोवर रंग त्याच्या पोटात गेला होता. ते दोन दिवस माझ्या कोपऱ्यात डोळे मिटून बसलं आणि मेलं. माझ्यात राहिलेलं एकुलतं एक पाखरू ते. त्यानं कुणाला फसवलं नव्हतं. त्याला तर आपण पोपट आहोत हेही कुणी सांगितलं नव्हतं.

सुभेदाराचा फोन लागेना. आकाराम पुरावा म्हणून मला घेऊन पोलीस चौकीत गेला.

"मुद्देमाल कुठाय?" हवालदारानं विचारलं.

"ह्यो."

"रिकामा?"

"व्हय."

"नशीबवान हायस गड्या. पोपट पाळाय कायद्यानं बंदी हाय. खरा पोपट आला असता तर तुलाच आत घातला असता." हवालदारानं त्याला चहा पाजला. तक्रार काही लिहिली नाही.

वाटेत आकारामनं मला एकदा विहिरीच्या काठावर ठेवलं. ढकलतो की काय, असं मला वाटलं. पण तो नुसता बाजूला बसला. थोड्या वेळानं त्यानं मला उचललं आणि आम्ही घरी आलो.

यंत्राला पैसे यायला पुढचा आणि त्याच्या पुढचा ऊस जावा लागला. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासलं, यंत्र बसवलं आणि शालनला सांगितलं, "अहो, तेव्हाच आणायचं होतं. शिकायचं वय असतं ते. आता थोडं येईल, सगळं नाही येणार." हे शालननं घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं, एकदाच. धोंडुबाई त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सृष्टी कानात यंत्र घालून माझ्याखाली आली. मला खाली उतरवून ठेवलं होतं. तिच्या हातात पळी होती. खेळता खेळता पळी माझ्या तारांवर बसली आणि मी वाजलो.

सृष्टी थांबली. तिनं मला पुन्हा मारलं. मग मान वाकडी करून माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं मीच मुद्दाम गप्प बसलो होतो.

"टन्," ती म्हणाली.

तो तिचा पहिला शब्द. पुढे आणखी थोडे आले, पण फार नाहीत. 'आई' काही तिच्या तोंडी बसलं नाही. आईला हाक मारायची झाली की ती "टन्" म्हणते. आणि शालन, हातातलं काम टाकून, "ओ" देते.

मित्रांनो, मी आता माळ्यावर गंजत पडलो आहे, पण तुम्हाला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. डोळ्यांनी न पाहिलेल्या पाखरासाठी कुणाला पैसे पाठवू नका, मग ते पाखरू स्वतः फोनवर येऊन मागत असलं तरी. आणि पोपट रानातच राहू द्या. माझ्यासारख्यात त्याचं भलं होत नाही.

तुमच्या ओळखीत एखादं मूल बोलत नसेल, तर पेरू शोधत हिंडू नका. त्याच्या पाठीमागे उभे राहा आणि एक ताट खाली टाका. वळून पाहिलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

ताट खराब होईल असं वाटत असेल, तर मला घेऊन जा. मी अजून चांगला पडतो.