न टिकणारे भाडेकरू

कुंडलच्या लालासाहेबांनी सांगलीत दोन घरं बघितली आणि दोन्ही स्वतःच्या तोंडानं घालवली. भाड्याचं अडलं नव्हतं. महिना साठ रुपयांपर्यंत त्यांना झेपत होतं. अडत होतं ते अभिमानापाशी. घरमालकानं "किती दिवस राहणार?" म्हणून विचारलं, की पलटणीतून पेन्शनीत आलेला हा गडी छाती काढून सांगायचा, "आमी पवार! सात पिढ्या एकाच घरात हाय. एकदा बूड टेकलं की हालायचं नाव न्हाई!"

घरमालकाचा चेहरा उतरायचा. मग लगेच त्याचा कुणी मेहुणा बदली होऊन येणार असायचा, आणि खोल्या नेमक्या त्याच्यासाठी ठेवलेल्या निघायच्या.

मागं उभ्या चंद्राबाई, त्यांची बायको, मनात जमाखर्च मांडत होत्या. सोमवारी लेकीचं, शालनचं, कॉलेज सुरू. कुंडलहून पहिल्या एसटीनं निघालं तरी दोन तास बुडणार. वसतिगृहाला बापाचा नकार. आज खोल्या मिळाल्या नाहीत तर पोरगी घरी बसणार, आणि घरी बसलेल्या पोरीसाठी आत्याबाई पाहुणे घेऊन तयारच होत्या.

दुसऱ्या घरी पाण्याचा तांब्या देताना मालकीणबाई हळहळल्या होत्या, "आमचा जुना भाडेकरू कोर्टात गेलाय हो. आता काही तो जागा सोडत नाही." तेवढ्यावर चंद्राबाईंना बाजार कळला. सांगलीत टिकाऊ मालाला गिऱ्हाईक नव्हतं.

तिसरं घर विश्रामबागेत, विष्णुपंतांचं. मागच्या अंगाला दोन खोल्या, स्वतंत्र नळ, आणि कॉलेज पायी जाण्यासारखं. शालननं आईचा हात असा दाबला की बांगडी रुतली.

"किती दिवस राहणार?" विष्णुपंतांनी विचारलं.

लालासाहेबांची छाती वर यायला लागली.

"ह्यांचं कशाचं राहनं!" चंद्राबाईंनी मधेच तोंड घातलं. "वीस वर्सं पलटणीत काढली, पर एका जागी ठरलं न्हाईत. आता घरी आलं तर झोपत्यात उसातल्या खोपीत! तोड लागली की साखळदंडानं बांदलं तरी हितं थांबायचं न्हाईत."

"अगं, पर..."

"आवं, खरं सांगाया लाजायचं कशाला?"

विष्णुपंत खुर्चीत पुढं सरकले. "असं होय? पण मुलीचं शिक्षण तर चार वर्षांचं ना?"

शालन शाळेत पहिली आलेली होती. ती हे सांगणार, तेवढ्यात आई हसली. "चार? पैलं वर्स निघालं तरी गावात पेढं वाटीन!"

"आणि तुम्ही?" दारातून विनोदिनीबाईंनी, विष्णुपंतांच्या बायकोनं, विचारलं.

"माज्या दोन म्हशी तिकडं हंबरत्यात, बाई. दिवाळीला तरी मी हितं असंन का, देव जाणे."

विष्णुपंत इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच चहा सांगितला. "अकरा महिन्यांचा कागद करू. भाडं साठ."

"पन्नास. ऱ्हायचंच न्हाई तर साठ कशापायी?"

पंचावन्नावर ठरलं. विनोदिनीबाईंनी पदराआड हसू दाबत किल्ली हातावर ठेवली.

खोलीचं दार लागताच लालासाहेब उसळले, "सात पिढ्यांची अब्रू घालवलीस!"

"घालवली न्हाई. अकरा महिनं भाड्यानं दिली."

"आणि माझा पहिला नंबर?" शालन फुरंगटली.

"त्यो आसू दे. निकाल लागल्यावर बघू काय सांगायचं ते." चंद्राबाईंनी नळ सोडला. पाणी धो धो आलं, आणि रुसलेली पोरगी ओंजळ भरून आईवर उडवत नाचायलाच लागली. टेबल या खिडकीशी, चूल त्या कोपऱ्यात, उद्याच्या एसटीनं काय काय आणायचं, मायलेकी एकदमच बोलू लागल्या.

लालासाहेब जरा वेळ रुसून बघत राहिले. मग उठले, भिंत थोपटली आणि म्हणाले, "हितं पलटणीचा फोटो लावू. लांब खिळा ठोकतो, जल्मात निघायचा न्हाई."

"हळू ठोका," चंद्राबाई दाराकडं बघत कुजबुजल्या. "पंतांना वाटंल, ऱ्हायलाच आल्यात."