मैनाबाईच्या हाताची न्हाणी

मी न्हाणीची भुई. मला बोलायची सवय नाही, ऐकायची आहे. माणूस आंघोळीला येतो, दार लावतो, कपडे खुंटीला टांगतो आणि घरात कोणाला सांगत नाही ते मला सांगतो. आज मात्र मी सांगते, तुम्ही ऐका. पाणी तापतंय तोवर तुम्हालाही दुसरं काम नाही.

राळेगावकडच्या एका गावात, कापूसवाल्या एका घराच्या मागच्या अंगणात मी आहे. तीन बाजूंनी मातीच्या भिंती, चौथीला दार, वर टिनं. एका कोपऱ्यात चुलीवर हंडा, समोरच्या कोपऱ्यात मोरीचं तोंड. माझा पहिला जन्म काळ्या दगडाचा. मैनाबाईच्या सासऱ्याने नाल्यातले चपटे दगड बैलगाडीत घालून आणले आणि चुन्यात बसवले. नाल्यात होते तेव्हाही त्या दगडांवरून पाणीच जायचं. फरक एवढाच, की आता ते गरम होतं.

मैनाबाई नवरी होऊन आली, तिची हळद माझ्यावर धुतली गेली. तिचा लेक घनश्याम, त्याला तिने पायांवर आडवा घेऊन माझ्यावरच न्हाऊ घातलं. तेव्हा तो जेवढा ओरडायचा तेवढा पुढे कधी ओरडला नाही. मोठेपणी तो बायकोशी, विमलशी, भांडायचा तेही माझ्यापाशी येऊन, एकटाच. डोक्यावर पाणी ओतत म्हणायचा, "मी सांगतो तेच होईन या घरात!" मग अंग पुसून बाहेर जायचा आणि विमल सांगेल ते करायचा.

मैनाबाईच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. ज्वारी कापताना विळ्याने नेलं. त्या हाताने ती सगळं घर सारवायची, आणि सारवलेल्या प्रत्येक चंद्रकोरीत एक रेघ आखूड पडायची. शेजारची तानाबाई म्हणायची, "मैनाबाई व, तुह्या घरात चोर आला तं सारवून जाऊ नाही शकत. लगेच वळखू येईन."

वय झालं की दगडही बसतो. माझे दगड खाली-वर झाले, सांध्यातला चुना वाहून गेला, मोरीच्या तोंडाशी शेवाळ धरलं. नवे पैसे निघाले त्या सालच्या दिवाळीत, तेल-उटण्याच्या आंघोळीला मैनाबाईने माझ्यावर पाय ठेवला, तो पाय मला धरता आला नाही. ती कंबरेवर पडली. सारी थंडी अंथरुणात काढून उठली ती काठी टेकत.

घनश्यामनं हुकूम काढला, की मायनं न्हाणीत पाय ठेवायचा नाही. अंगणात खाट टाकली, दोन लुगड्यांचा आडोसा केला, आणि विमलने पाणी घालायचं ठरलं.

मैनाबाईने खाटेकडे पाहिलं, आडोशाकडे पाहिलं.

"घनश्याम, आडोसा करून, निजवून, दुसऱ्याच्या हातानं कोणाले आंघोळ घालतात, ठाव हाय तुले?"

"कोणाले?"

"मेलेल्याले."

"माय, काहून असं बोलतं व? तुह्याच जिवासाठी करून राह्यलो नं."

"मंग जीव जाऊ दे, तवा घालजा. तोवर मी नाही न्हात."

आणि नाहीच न्हायली. आता, पारोशा माणसाने चुलीपाशी जायचं नाही, देवापाशी जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. मग मैनाबाई करणार काय? ती सकाळपासून बाहेरच्या ओट्यावर बसायची आणि रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्याला आपणहून सांगायची, "दुरून जा बाप्पा, मले शिवू नका. मी पारोशी हाय. आमच्या घनश्यामनं न्हाणी बंद केली." बैलगाडी थांबवून सांगायची. पोस्टमनला सांगितलं. राळेगावहून सोयरे पाहुणे म्हणून आले, त्यांनाही सांगितलं.

घनश्याम टेकीस आला. म्हणाला, "न्हाणी नवी करू. सिमिटाची. मंग जाशील."

शेतातल्या विहिरीचा काठ बांधताना सिमेंटचं अर्धं पोतं उरलं होतं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. उरलेलं पोतं लोक दागिन्यासारखं उतरंडीमागे ठेवत.

उकंडा मिस्त्री आला. त्याच्या आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून आईने याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं. म्हणून नाव उकंडा. माणूस कामाचा पक्का. त्याने माझ्या दगडांना टाकीने टाचे मारले, म्हणजे नवा थर धरून राहील. खराट्याने शेवाळ खरवडलं. वाळू चाळली, माल कालवला, मोरीकडे उतार काढत माझ्यावर पसरला. वरून नुसत्या सिमेंटचं पाणी फिरवलं, आणि मग थापीने घोटायला बसला. फळीवर उकिडवा बसून घोटतोय, घोटतोय. दुपार कलली तेव्हा माझ्यात टिनांचं छप्पर दिसू लागलं.

"घनश्यामभाऊ, पाहा. यात तोंड पाहून भांग पाडा."

घनश्यामने खरंच वाकून भांग पाडला. गावातले कापसाचे व्यापारी नानाजी बघायला आले. म्हणाले, "उकंडा, उद्या आमच्या घरी हेच कर. यापेक्षा जास्त घोट." सगळे खूश होते. मला मात्र माझीच भीती वाटत होती. दगड होते तेव्हा निदान सांध्यात अंगठा रुतायचा. आता कोरड्यातच माशी घसरत होती. मैनाबाईचा पाय माझ्यावर येणार, आणि मी तो धरणार कशाने? पण मिस्त्रीसमोर भुईने काय बोलावं.

उकंडा बजावून गेला, "सकाळपर्यंत हात लावू नका. सकाळी मी भिजलेलं बारदान घालतो." घनश्याम बैलांकडे गेला. विमल म्हशीखाली बसली.

दिवेलागण व्हायची होती. मैनाबाई काठी टेकत दाराशी आली. माझ्याकडे बघत राहिली. मग बोलली, "अव माय! नवी भुई अन् उघडीच ठेवली काय वं तुले? दिवा लावायच्या आंधी हात बी नाही फिरवला कोणी?"

तिच्या घरात नवी भुई शेणाचा हात फिरल्याशिवाय रात्र पाहत नसे. ओटा नवा केला तेव्हा तिने हेच केलं होतं, खळं केलं तेव्हाही हेच. सिमेंट ही काही वेगळी जात आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता.

तिने शेण कालवलं. पातळ, सड्याला करतात तसं. मिस्त्रीची फळी तिथेच होती. त्या फळीवर बसून, दुखरी कंबर सांभाळत, चुलीच्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे मागे सरकत तिने मला सारवलं. मी वरून सुकल्यासारखी दिसत होते, आत ओली होते. तिच्या बोटांनी माझ्यावर चंद्रकोरी उठल्या. बाईला जोर कमी नव्हता. न्हाणीत यायची बंदी होती तिला. ती पुरी न्हाणी फिरून, हात धुऊन, ओट्यावर जाऊन बसली.

सकाळी उकंडा बारदान घेऊन आला आणि दारातच खाली बसला.

"भाऊ! कोणं केलं हे?"

घनश्यामने खाली पाहिलं. प्रत्येक कोरीत एक रेघ आखूड होती. विचारायची गरज नव्हती.

पाणी मारून शेण धुतलं. शेण गेलं, कोरी राहिल्या. रात्रीत मी घट्ट झाले होते. उकंडाला रडू यायचं बाकी होतं. "आरसा केलता म्या. आरशाले शेण कोणी फासते काय, मोठीबाई?"

"काहून रे? शेणातून उचलला म्हणून तं तू जगला. अन् शेणालेच नावं ठेवतं?"

उकंडाने बारदान पसरलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि नानाजींकडे गेला.

घनश्याम मात्र तापला. ओरडला, आणि तेही अंगणात, लोकांदेखत. "अर्धं पोतं मातीत घातलं! आता सिमिट कुठून आणू? दुसरा थर बसल्याबिगर तू न्हाणीत जायचं नाही म्हणजे नाही!"

मैनाबाई म्हणाली, "बरं." आणि ओट्यावर जाऊन बसली. पहिला माणूस रस्त्याने आला. "दुरून जा बाप्पा."

माझ्यावरचं बारदान निघालं. घरातले माझ्यावर आंघोळी करू लागले. घनश्याम रोज कुरकुरायचा, "खरबरीत झाली, तळपाय घासते." मी त्याचा पाय घट्ट धरून ठेवत होते, पण धरलेला पाय माणसाच्या ध्यानात येत नाही. सुटलेलाच येतो.

मग नानाजींच्या घरची न्हाणी तयार झाली. उकंडाने ती जास्त घोटली, सांगितलं होतं तशी. पहिल्या आंघोळीला नानाजी आत गेले. जरा वेळाने पितळेचं गंगाळ आपटल्याचा आवाज झाला, तो आमच्या अंगणात ऐकू आला. नंतर नानाजींचा आवाज आला. तो जास्त मोठा होता. हात गळ्यात बांधून फिरताना ते लोकांना सांगत, बैलगाडीवरून पडलो. लोक म्हणत, हो का.

नानाजी पडले त्या दिवशी दुपारी, आंघोळीची वेळ नसताना, घनश्याम माझ्याकडे आला. दार लावलं. धोतर वर खोचलं. माझ्यावर बादलीभर पाणी ओतलं, वर साबण फासला, आणि पडायचा प्रयत्न करू लागला. टाच टाकून पाहिली, एका पायावर उभा राहिला, मोरीच्या उतारावर तर उडी मारली. जमलं नाही. दमून चुलीपाशी बसला. समोरच्या कोरीवर त्याने हात ठेवला. त्याची बोटं मोठी होती, रेघांत बसली नाहीत. आखूड रेघेवर त्याचं मधलं बोट बराच वेळ होतं.

बाहेर जाऊन तो विमलला म्हणाला, ओट्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "मायचं लुगडं टांग खुंटीवर. अन् हंडा भर."

मैनाबाई आली. तिने काठी दाराबाहेर ठेवली. आत येऊन आतून कडी लावली. तिच्या हातचा त्या कडीचा आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. तिने पहिला लोटा पायांवर ओतला, दुसरा माझ्यावर.  मग न्हायली अशी, की हंड्याचा तळ दिसला. बाहेर घनश्याम लाकडं फोडत होता. घरात लाकडं भरपूर होती.

शेवटी त्याला राहवलं नाही. "माय? झालं काय व?"

"मेली नाही अजून. पाणी आण आणखी."

पुढची सगळी वर्षं ती रोज अशीच न्हायली, एकटी, कडी लावून. चीनची लढाई झाली, त्याच्या पुढच्या साली ती गेली. माझ्यावर पडून नाही, झोपेत. रीतीप्रमाणे तिला अंगणात, लुगड्यांच्या आडोशाला, दुसऱ्यांनी आंघोळ घातली. या खेपेला ती काही बोलली नाही. पाणी माझ्याच चुलीवर तापलं होतं. ते अंगणातून ओघळत माझ्या मोरीपर्यंत आलं आणि बाहेरूनच निघून गेलं. मी त्या दिवशी कोरडी राहिले.

त्यानंतर सिमेंटचं परमिट आलं. घनश्यामने त्या रागाच्या भरात अर्ज केला होता, सरकारने तो विसरू दिला नाही. उकंडा थापी घेऊन हजर झाला. म्हातारा झाला होता, पण हौस तीच. "भाऊ, आता करतो आरसा."

घनश्याम दाराशी उभा राहून माझ्याकडे पाहत म्हणाला, "गव्हाणीले लाव."

म्हणून आमच्या घरचे बैल आरशात तोंड पाहून कडबा खातात. भांग पाडत नाहीत एवढंच.

मी आहे तशी आहे. मधल्या कोरी पायांनी झिजत चालल्या, पण चुलीच्या कोपऱ्यात, जिथे कोणी पाय ठेवत नाही, तिथे एक अख्खी आहे, आखूड रेघेसकट. विमलचेही गुडघे आता दुखतात. ती आत आली की आधी अंगठ्याने ती रेघ चाचपते, मग पाणी घेते.

तुमचं पाणी तापलं वाटतं. मागणं एकच आहे, मला चकचकीत करू नका. दार लावा, आतून कडी घाला आणि निवांत न्हा. पाय मी धरून ठेवते.